स्वयंपाकघरातून अनुमोदन

"सत्ता मी कधी मागितली नाही. ती माझ्याकडे चालत आली!" जेवणाच्या टेबलाच्या टोकाशी उभे राहून वासुदेवराव देवस्थळी म्हणाले.

"चालत नाही, सायकलवरून आली," आतून कुमुदिनीबाईंचा आवाज आला. "आधीचे अध्यक्ष पेठे, त्यांची ब्रसेल्सला बदली झाली होती. मंडळाची वही कुणाकडे द्यावी ते कळेना, म्हणून जाताजाता आपल्या पायपुसण्यावर टाकून गेले. भिजली होती. मी हीटरवर वाळवली."

हे अक्षरशः खरं होतं, आणि म्हणूनच पैलतीर स्नेहमंडळाच्या चोवीस वर्षांच्या इतिवृत्तात त्याचा कुठंही उल्लेख नव्हता.

मार्चमधला रविवार होता. द हेगमधल्या त्या घराच्या खिडकीतून समोरची ट्राम दिसत होती आणि ट्राममधल्या लोकांना, पडदे लावायची इथं पद्धत नसल्यामुळे, देवस्थळ्यांची कार्यकारिणी दिसत होती. कार्यकारिणीत पाच माणसं: अध्यक्ष वासुदेवराव, उपाध्यक्ष कुमुदिनीबाई, ज्यांना आपण उपाध्यक्ष आहोत हे साधारण लीप वर्षी आठवायचं, चिटणीस राघव, म्हणजे रॉटरडॅमला आयटीत असलेला सख्खा पुतण्या, सभासद सरला, म्हणजे धाकटी बहीण, आणि सभासद ऋजुता, म्हणजे लेक. पाचही जण एकाच घरातले कसे, असं कुणी विचारलं की वासुदेवराव सांगत, "सुरुवातीच्या काळात दुसरं कुणी येतच नसे." पुढच्या काळात लोक येऊ लागले तेव्हा जागा भरलेल्या होत्या. पुढच्या रविवारी सर्वसाधारण सभा होती. तिचं काम दोनच गोष्टींचं असे, टाळ्या वाजवणं आणि बटाटेवडे खाणं. निवड व्हायची ती या टेबलावर.

घराण्याला हे नवीन नव्हतं. वासुदेवरावांचे वडील अण्णा पुण्याच्या सहकारी गृहसंस्थेचे एकतीस वर्षं सचिव होते. गेले तेव्हा शिक्का त्यांच्या उशाखाली सापडला होता. त्या मानानं वासुदेवरावांची चोवीस म्हणजे अजून मिसरूडच. पण फेब्रुवारीत डॉक्टरांनी रक्तदाब मोजून "जरा कमी करा" असं सांगितलं. डॉक्टर मिठाबद्दल बोलत होत्या. वासुदेवरावांनी ते पदाबद्दल घेतलं. वय शहात्तर. आता बाजूला व्हावं आणि वारस नेमावा.

बाजूला म्हणजे किती बाजूला, हे त्यांनी हिरव्या शाईच्या पेनानं कार्यक्रमपत्रिकेत लिहिलं होतं. विषय एक: मागील इतिवृत्त कायम करणे. विषय दोन: नूतन अध्यक्ष. विषय तीन: वस्तीच्या सभागृहातील मंडळाच्या वाट्याची खोली, जेथे सध्या दर रविवारी बालवर्ग भरतो, ती माजी अध्यक्षांच्या मार्गदर्शन केंद्रासाठी देणे. बालवर्ग ऑनलाइन करणे.

हा बालवर्ग कुमुदिनीबाई एकोणीस वर्षं चालवत होत्या. सात मुलं होती. ती डचमध्ये भांडायची आणि मराठीत रुसायची, एवढी प्रगती झाली होती.

"बाबा, सुरू करायच्या आधी," ऋजुता म्हणाली, "सासूबाई विचारताहेत, त्या इथं बसल्या तर चालेल का?"

टेबलाच्या दुसऱ्या टोकाला एलोइसाबाई बसल्या होत्या. ऋजुताचा नवरा एमिलियानो मेक्सिकोचा. तो विद्यापीठाच्या कामाला एनस्खेडेला गेला होता आणि त्याची आई पंधरा दिवसांपूर्वी पुएब्लाहून आली होती. सत्त्याहत्तर वर्षांच्या, निवृत्त शाळामास्तरीण, खांद्यावर निळी शाल. बाईंना मराठी येत नव्हती, वासुदेवरावांना स्पॅनिश येत नव्हती, आणि मध्ये दुभाषी म्हणून ऋजुता बसली होती.

"विहीणबाईंचा मान आहे, बसू देत की," वासुदेवराव म्हणाले. मग त्यांना काहीतरी आठवलं आणि ते खुर्चीत पुढे सरकले. "ऋजुता, विचार त्यांना. परवा एमिलियानो सांगत होता, तुमच्याकडे म्हणे एकाच पक्षानं एकाहत्तर वर्षं राज्य केलं?"

ऋजुतानं विचारलं. एलोइसाबाईंनी खिन्नपणे मान हलवली. एकोणतीस सालापासून दोन हजारापर्यंत.

"एकाहत्तर!" वासुदेवराव म्हणाले. ज्या आवाजात सहानुभूती अपेक्षित होती, त्या आवाजात चोवीस धावांवर खेळणाऱ्या माणसाचा आदर होता. त्यांनी कार्यक्रमपत्रिका उलटी केली आणि पेनचं टोपण काढलं. "पद्धत काय होती?"

"बाबा!"

"अभ्यास म्हणून विचारतोय. तू भाषांतर कर."

बाईंनी उजव्या हाताची तर्जनी वर केली. हे, म्हणाल्या. जाणारा राष्ट्राध्यक्ष बोट दाखवायचा, तो पुढचा. तोवर सगळ्यांनी अंदाज करत बसायचं. त्या माणसाला म्हणायचेसुद्धा 'झाकलेला'. बोट वळलं की झाकण उघडायचं आणि सगळे म्हणायचे, आम्हाला आधीपासून हाच हवा होता.

वासुदेवरावांनी 'बोट' असं लिहून खाली दोन रेघा मारल्या. आज नेमकं तेच करायचं त्यांच्या मनात होतं. मेक्सिकोनं आपली कल्पना आधीच वापरली याचं त्यांना थोडं वाईट वाटलं.

"आणि सभांना गर्दी?"

"बसमधून आणायचे," ऋजुता म्हणाली. "प्रत्येकाला एक सँडविच आणि एक थंड पेय."

"आपण बटाटेवडा देतो," सरलाबाई म्हणाल्या.

"सरले, तो अल्पोपाहार आहे."

"मी कुठं काय म्हटलं, दादा?"

"बरं, अध्यक्ष स्वतः किती वर्षं राहायचा?"

"सहा. मग घरी. पुन्हा उभं राहायचं नाही, कधीच नाही. पक्ष राहायचा, माणूस जायचा."

वासुदेवरावांनी टोपण लावलं. "हे काही मला पटलेलं नाही," ते म्हणाले. "मग एवढी यातायात करायची कुणासाठी?"

एलोइसाबाई त्यावर खुदकन हसल्या. आणखी एक गोष्ट, म्हणाल्या. ज्यानं हा पक्ष काढला, तोही माजी अध्यक्षच होता. आपण बाजूला झालो असं तो म्हणाला आणि मागं बसून तीन अध्यक्ष चालवले त्यानं. चौथाही त्यानंच निवडला. त्या चौथ्यानं एका सकाळी त्याला विमानात बसवलं आणि देशाबाहेर पाठवून दिलं.

वासुदेवरावांनी मान सावकाश वळवून राघवकडे पाहिलं.

"काका, काय हे!" राघव म्हणाला. "मला स्किपोल विमानतळावर धड पार्किंगसुद्धा मिळत नाही."

"आणि लोक?"

हे कुमुदिनीबाईंनी विचारलं होतं. त्या स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या. आत कुकरमध्ये विहीणबाईंनी पुएब्लाहून आणलेला काळा घेवडा शिजत होता. "एकाहत्तर वर्षं लोक काय करत होते, विचार ना गं."

एलोइसाबाईंनी शाल सारखी केली. अडुसष्ट साली मी वीस वर्षांची होते, म्हणाल्या. राजधानीत शिकत होते. ऑलिंपिक दहा दिवसांवर आलं होतं. आम्ही मैदानात जमलो, आणि सैन्यानं गोळ्या घातल्या. माझी मैत्रीण माझ्या डाव्या हाताला होती. नंतर नव्हती. दुसऱ्या दिवशी मैदान धुऊन स्वच्छ. किती गेले, ते आजही नक्की कुणी सांगत नाही.

ऋजुताचा आवाज भाषांतर करताना खाली आला. वासुदेवरावांनी पेन बाजूला ठेवलं.

मी गावी परतले, शिक्षिका झाले, बाई सांगत राहिल्या. अठ्ठ्याऐंशी साली शाळेच्या केंद्रावर मतपेटीशी बसले. मोजणी झाली तसे आकडे हातावर लिहून घेतले, इथं, कोपरापर्यंत. आमचा माणूस पुढे होता. संध्याकाळी राजधानीतून निरोप आला, सिस्टीम बंद पडली. आठवड्यानं चालू झाली तेव्हा जिंकले होते तेच नेहमीचे.

"मग?" कुमुदिनीबाईंनी विचारलं.

"मग पुढच्या वेळी परत गेलो. आणि त्याच्या पुढच्या वेळी. बारा वर्षं. दर वेळी एकेक हट्ट धरायचा. मतदाराच्या ओळखपत्रावर फोटो हवा. पेटी आरपार दिसणारी हवी. दोन हजार साली ते हरले."

"आणि नवे आले ते?" वासुदेवरावांनी आशेनं विचारलं. "चांगले निघाले?"

"नाही," एलोइसाबाई म्हणाल्या. "पण त्यांना काढता आलं."

कुमुदिनीबाई आत गेल्या. सभा भलतीकडे चालली आहे हे ओळखून वासुदेवरावांनी चमच्यानं पेला वाजवला.

"विषय क्रमांक एक. मागील इतिवृत्त कायम करणे. सूचक सरलाताई. अनुमोदन..."

इथं वासुदेवराव नेहमीसारखे थांबले. ही मंडळाची जुनी पद्धत होती. ठराव टेबलावर मांडला जायचा, सरलाबाई सूचक असायच्या, मग अध्यक्ष साधारण दोन श्वासांइतके थांबायचे आणि स्वयंपाकघरातून आवाज यायचा, "अनुमोदन!" ठराव कशाबद्दल होता हे आत कळण्याचा संबंध नव्हता. कुमुदिनीबाई त्या थांबण्याला अनुमोदन द्यायच्या. एकदा, २००९ साली, वासुदेवराव नुसते खोकायला थांबले होते आणि आतून अनुमोदन आलं. आलेलं अनुमोदन वाया जाऊ नये म्हणून मग एक ठराव तयार करावा लागला होता.

आज दोन श्वास झाले. चार झाले. कुकरची शिट्टी झाली.

"तिला ऐकू गेलं नसेल," वासुदेवराव म्हणाले. "कायम झालं असं समजू. विषय क्रमांक दोन. बंधुभगिनींनो, चोवीस वर्षं हा रथ..." भाषण चौदा पानांचं होतं. राघवनं फोन टेबलाखाली धरला, सरलाबाईंनी डोळे मिटले. तिसऱ्या पानावर वासुदेवरावांनी उरलेलं पुढच्या रविवारसाठी राखून ठेवलं आणि तर्जनी वर उचलली. ती थोडा वेळ हवेत फिरली. पाचच माणसं असल्यामुळे फार फिरायला जागा नव्हती. शेवटी ती राघववर येऊन थांबली. "राघव! सूचक सरलाताई. अनुमोदन..."

शिट्टी झाली. पाठोपाठ कुकर बंद केल्याचा आवाज. बाकी काही नाही.

"कुमुद!" वासुदेवरावांनी हाक मारली. "अगं, अनुमोदन!"

कुमुदिनीबाई हात पुसत बाहेर आल्या. काखेत पाच जाड वह्या होत्या.

"मी आज अनुमोदन देणार नाही," त्या म्हणाल्या आणि वह्या टेबलावर ठेवल्या.

वासुदेवरावांना वाटलं, ऐकण्यात चूक झाली. लग्नाला अठ्ठेचाळीस वर्षं झाली होती. या बाईनं साडीच्या रंगावरून, भाच्याच्या मुंजीवरून, रत्नागिरीच्या जागेवरून वाद घातले होते. अनुमोदन कधी अडवलं नव्हतं.

"तब्येत बरी आहे ना?"

"उत्तम. गेल्या रविवारच्या बैठकीनंतर विहीणबाईंनी मला फोनवरच्या त्या भाषांतरातून विचारलं, तू आतून दर वेळी काय गं ओरडतेस? मी म्हटलं, मी सहमत आहे असं ओरडते. त्यांनी विचारलं, कशाशी?" कुमुदिनीबाईंनी चष्मा लावला. "मला सांगता येईना. म्हणून आठवडाभर बसून सगळी इतिवृत्तं वाचली. अक्षर सुंदर आहे हो तुमचं."

"आभारी आहे."

"हे ऐका. ठराव क्रमांक सत्तावीस, सन २००४. 'मंडळाच्या सर्व कार्यक्रमांतील स्वयंपाकाची जबाबदारी सौ. कुमुदिनी देवस्थळी यांनी तहहयात स्वीकारावी. सूचक: सौ. सरला. अनुमोदक: सौ. कुमुदिनी देवस्थळी.'"

सरलाबाईंचे डोळे उघडले. "मी सुचवलं होतं हे?"

"तुम्ही सगळंच सुचवता, वन्सं. आता ही आजची पत्रिका. विषय तीन. बालवर्गाची खोली. यालाही मी आतून हो म्हटलं असतं, कांदा चिरता चिरता. माझ्याच हातानं सात मुलं घालवून बसले असते."

"ऑनलाइन घ्यायचा आहे, बंद नाही करायचा," वासुदेवराव म्हणाले.

"तुमचं मार्गदर्शन घ्या की ऑनलाइन."

"काकू, अगदी खरं सांगू?" राघव हळूच म्हणाला. "मला अध्यक्ष व्हायचंच नाहीये. काकांनी विचारलंच नाही मला."

"बोट दाखवताना विचारायचं नसतं!" वासुदेवराव गरजले.

"दादा, मी वहिनींचं नाव सुचवते," सरलाबाई म्हणाल्या. चोवीस वर्षांत पहिल्यांदाच त्या काय सुचवताहेत हे त्यांना माहीत होतं, आणि त्यामुळे त्यांचा चेहरा जरा लालसर झाला.

"अनुमोदन," ऋजुता म्हणाली. भाषांतर करायचं विसरली. पण एलोइसाबाई तो शब्द ओळखत होत्या. त्यांनी टेबलावर थाप मारली.

वासुदेवराव खुर्चीत बसले. मुद्दा खोलीचा नव्हता, हे त्यांना स्वतःला ठाऊक होतं. या देशात तीस वर्षं काढली. डॉक्टरांकडे त्यांच्या नावाचा दर वेळी नवा उच्चार व्हायचा. शेजाऱ्यांना ते चुकीच्या दिवशी कचऱ्याचा डबा बाहेर ठेवणारे गृहस्थ म्हणून माहीत होते. महिन्यातून एकदाच, सभागृहाच्या दारात, कुणीतरी म्हणायचं, "अध्यक्ष आले." तेवढ्या दोन शब्दांसाठी ते कोटाला इस्त्री करायचे. ते दोन शब्द गेले की उरणार काय? मार्गदर्शन केंद्र, आणि त्यात एक खुर्ची.

पण देवस्थळी इतक्यात हार मानणारे नव्हते.

"ठीक आहे. मतदान घेऊ," ते म्हणाले. "लोकशाही माझ्या रक्तात आहे. राघवनं ते मोबाइलवरचं मतदान तयार केलंय ना, त्यावर." आणि राघवकडे पाहून त्यांनी डावा डोळा किंचित मिचकावला.

राघवनं पडद्यावर बोटं फिरवली. पुन्हा फिरवली. "काका, तुम्ही डोळा मारला नसतात तरी चाललं असतं," तो म्हणाला. "सिस्टीम खरंच बंद पडलीये."

एलोइसाबाईंना या अख्ख्या वाक्यात एकच शब्द कळला. पण तो त्यांना सदतीस वर्षांपासून माहीत होता. त्या उठल्या, स्वयंपाकघरात गेल्या आणि लोणच्याची मोठी काचेची बरणी घेऊन आल्या, रिकामी, धुतलेली. ती त्यांनी टेबलाच्या मधोमध उपडी करून झटकली, आत हात घालून सगळ्यांना दाखवली, मग सुलटी ठेवली आणि शेजारी हाताची घडी घालून उभ्या राहिल्या. बाहेर ट्राम थांबली होती. आतल्या दोन प्रवाशांनीही बरणी रिकामी असल्याचं पाहिलं असावं.

बालवर्गाच्या चौकटीच्या वहीतून पाच चिठ्ठ्या फाडल्या गेल्या. पाचही जण पाच दिशांना तोंड करून बसले. सरलाबाईंनी चिठ्ठीवर हात आडवा धरला होता, परीक्षेत धरतात तसा. राघवनं एका झटक्यात लिहून टाकलं.

वासुदेवरावांनी टोपण काढलं. राघवचं नाव लिहायचं होतं. ते ठरलेलं होतं. पण राघवला पद नको होतं, हे आताच कळलं होतं. कुमुद? पेन कागदावर टेकलं आणि हात चोवीस वर्षांच्या सवयीनं, इतिवृत्ताखाली सही करताना चालतो तसा, चालला. चिठ्ठीची घडी घातल्यावर त्यांच्या लक्षात आलं की आपण काय लिहिलं. तोपर्यंत विहीणबाईंनी बरणी पुढे केली होती.

मोजायला कुमुदिनीबाईच बसल्या, निरीक्षक शेजारी. "कुमुदिनी. कुमुदिनी. काकू... हे चालेल ना? कुमुदिनी." पाचवी चिठ्ठी उघडली आणि त्या थांबल्या.

चिठ्ठीवरची हिरवी शाई सगळ्यांना लांबूनही दिसत होती. काय लिहिलं आहे ते मात्र फक्त त्यांना दिसत होतं, आणि ते कुठल्याही उमेदवाराचं नाव नव्हतं. त्यांनी चष्म्यावरून नवऱ्याकडे पाहिलं. वासुदेवराव छताकडे पाहत होते. छत स्वच्छ होतं.

कुमुदिनीबाईंनी चिठ्ठी एलोइसाबाईंसमोर धरली. बाईंना देवनागरी वाचता येत नव्हती. त्यांनी शाई पाहिली, छताकडे पाहणारा माणूस पाहिला, आणि मग हळू आवाजात एक शब्द उच्चारला.

"बाद," ऋजुतानं भाषांतर केलं.

"एक मत बाद," कुमुदिनीबाई म्हणाल्या, चिठ्ठीची पुन्हा घडी घातली आणि एप्रनच्या खिशात ठेवून दिली. "कुमुदिनी चार. राघव शून्य."

"शून्य?" राघव म्हणाला. "माझं स्वतःचंसुद्धा नाही?"

"तू कुणाला दिलंस?"

"काकूंना."

"मग?"

सरलाबाईंनी टाळ्या वाजवल्या. चोवीस वर्षांत या टेबलावर टाळ्या कुणी वाजवल्या नव्हत्या. त्या पुढच्या रविवारच्या लोकांचं काम होतं. एलोइसाबाईंनी मनगटाजवळची बाही कोपरापर्यंत सारली, पेनसाठी हात पुढे केला, आणि हातावर हिरव्या शाईत मोठा चार लिहिला. काही कमीजास्त झालंच तर पुरावा असावा म्हणून.

वासुदेवराव उठले. "पाणी पिऊन येतो," म्हणाले आणि स्वयंपाकघरात गेले.

तिथं ते फारसे कधी उभे राहिले नव्हते. खिडकीत कढीलिंबाची कुंडी होती. भिंतीवर बालवर्गातल्या सात मुलांची चित्रं चिकटवलेली होती. त्यातल्या एकावर कोट घातलेला एक माणूस होता आणि खाली वेड्यावाकड्या अक्षरात लिहिलं होतं, 'अध्यक्ष आजोबा'. त्यांनी ते दोनदा वाचलं. घेवडा अजून कच्चा होता म्हणून बरणी न्यायला आलेल्या विहीणबाईंनी कुकर परत लावला होता. तो आता दम धरत होता.

बाहेरून अध्यक्षांचा आवाज आला. वेगळा नव्हता, रोजचाच होता.

"विषय क्रमांक तीन. खोली बालवर्गाकडेच राहील. माजी अध्यक्षांना मार्गदर्शन करायचं असेल तर रविवारी दहा ते अकरा मुलांना वाचून दाखवावं. सूचक सरलाताई. अनुमोदन..."

आणि आवाज थांबला. बरोबर दोन श्वास. वासुदेवरावांनी तो थांबा ओळखला. त्यांनीच तर तो घडवला होता.

मोठ्या आवाजात, चौदा पानांचा सगळा उरलेला जोर लावून, वासुदेवराव देवस्थळी स्वयंपाकघरातून म्हणाले, "अनुमोदन!"

"मंजूर," कुमुदिनीबाई म्हणाल्या. "आणि अहो, आत आहातच तर तीन शिट्ट्या झाल्या की तेवढा कुकर बंद करा."